केरूबा अस्वलानं घरी हमस केलं

एका जंगलात केरूबा नावाचं अस्वल होतं. कोणतं जंगल म्हणून विचारू नका. गप ऐका.

केरूबाची लेक शेवंता लग्नाची झाली होती. काळी कुळकुळीत, केसाळ, देखणी पोर. तरी तीन स्थळं पोहे खाऊन गेली ती गेलीच. चौथं आलं डोंगरापलीकडच्या तुळाजी अस्वलाच्या घरचं. निरोप आला, "पोहे नकोत. आमच्याकडं आता हमस खातात. घरी केलेलं पाहिजे."

हमस झाडाला लागतं का जमिनीत, केरूबाला ठाऊक नव्हतं. शहरातले उकिरडे फिरून आलेल्या कावळ्यानं सांगितलं, "काबुली चणे शिजव. एकेकाचं साल काढ. तीळ, लसूण, लिंबू घालून वाट."

"साल कशाला काढायचं?"

"शहरात काढतात."

आता अस्वलाची नखं आणि चण्याचं साल! दाबला की चणा झुडपात. केरूबा दोन दिवस बसून होता.

शेजारची माकडीण म्हणाली, "अहो भावजी, लग्न पोरीचं का चण्यांचं?"

केरूबा गुरगुरला, पण उठला नाही.

पाहुणे आले. केरूबानं पत्रावळीवर हमसाचा गोल गोळा ठेवला. शोभेला वर काळे तीळ भुरभुरले.

तुळाजीनं ते बघितलं आणि डोक्यावरचं पागोटं काढलं.

"पिंड!"

"पाव्हणं, हमस आहे ते."

"गोळा, तीळ, पत्रावळ. मला शिकवू नका. आमच्या बाबांची आज तिथी. आम्ही विसरलो, तुम्ही ध्यानात ठेवलीत!"

तुळाजी रडायलाच लागला. सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघू लागले. कावळा शिवल्याशिवाय मेलेला तृप्त होत नाही, हे अस्वलंही मानतात.

कावळा फांदीवरच होता. खाली आला, हुंगलं, परत वर गेला. केरूबाला कळलं, लसूण जास्त पडला.

"बाबांची इच्छा राहिलीय," तुळाजी हुंदके देत म्हणाला. "बाबा, मधाचं पोळं धाकट्याला देईन."

कावळा ढिम्म.

"बाबा, आईला ओरडणार नाही."

ढिम्म.

केरूबानं कावळ्याकडं बघितलं. डोळे भरून आले होते. एवढी सालं काढली आणि पोर परत घरातच!

"बाबा, हीच मुलगी सून करून आणतो!"

कावळ्यानं केरूबाचं तोंड बघितलं. मग डोळे मिटले आणि चोच मारली.

लग्न ठरलं. हमस दुसऱ्या कुणी चाखलंच नाही. कावळा आठवडाभर लसणाचे ढेकर देत होता.

तात्पर्य : चण्याची सालं काढत बसू नये. कावळ्याशी बोलणं ठेवावं.