डोंगराआधीच झिजलेले बूट

“या शहरात दोनच प्रकारची माणसं आहेत. ज्यांनी काहीतरी लपवलंय ती, आणि ज्याच्यापासून काहीच लपत नाही असा मी.”

असं आमचे हे रोज आरशासमोर उभं राहून म्हणतात. धंद्याने चष्मेवाले. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, आणि दुकान बंद झालं की त्यांच्या मनातलं आपण वाचायचं, हा यांचा दिनक्रम. या हौशी गुप्तहेराची मी साहाय्यक. पगार नाही, रजा नाही, आणि निष्कर्ष काढायची परवानगी तर मुळीच नाही.

प्रकरण उद्भवलं डोंगरामुळे. रविवारी जंगलातल्या डोंगरावर चढायला जायचं ठरलं होतं. ठरवलं अर्थात यांनी. वाट कुठली, दम कुठे खायचा, कोणी यायचं, सगळं.

“मीही येतो रे,” सासरे म्हणाले. “तो डोंगर मी एके काळी पळत चढायचो.”

“बाबा, गुडघे बघा आपले,” यांनी भिंग पुसत निकाल दिला. “तुम्ही घर सांभाळा.”

सासऱ्यांनी खरंच गुडघ्यांकडे पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

डोंगरासाठी यांनी महागडे बूट आणले होते आणि रविवारपर्यंत कोरे करकरीत राहावेत म्हणून कपाटात ठेवले होते. बुधवारी संध्याकाळी खोकं उघडलं आणि हे किंचाळलेच. तळव्यांना धूळ! टाचा घासलेल्या! नाड्यांना दुहेरी गाठी! शिवाय बुटात कोंबलेला वर्तमानपत्राचा कागद उलगडून कुणीतरी त्यावरचं शब्दकोडं सोडवलेलं!

“गुन्हेगार सुशिक्षित आहे,” हे म्हणाले. “आणि बालपणी उपेक्षित.”

“उपेक्षित कशावरून?”

“दुहेरी गाठ. माणसाचा जगावर विश्वास नाही.”

आमच्या घरात शब्दकोडं एकच माणूस सोडवतो. तो कानामागे पेन अडकवून समोर बसला होता.

“अरे, ते बूट मीच जरा...”

“बाबा, तपास चालू असताना मध्ये बोलू नका!”

मी बोलले असते, पण नियम म्हणजे नियम. शिवाय हल्ली सासऱ्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती, ती मला घालवायची नव्हती.

गुरुवारी संशय समोरच्या चष्मेवाल्यावर गेला. “माझे बूट झिजवायचे, म्हणजे मी घसरून पडेन, आणि माझी गिऱ्हाइकं याच्या घशात!” पाळत ठेवायला हे त्याच्याच दुकानात शिरले आणि काळा गॉगल विकत घेऊन परतले. वेषांतर, म्हणाले.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या बाईंची उलटतपासणी झाली.

“दुपारी कुठे असता तुम्ही?”

“घरीच. झोपायचा प्रयत्न करते. पण जिन्यावर दणदण...”

“विचारलं तेवढंच सांगा!”

“अहो, पण तुमचे वडील...”

“त्यांना यात ओढू नका. त्यांचे गुडघे गेलेत.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी छताकडे.

तळव्यांची धूळ गच्चीवरची आहे, एवढं मात्र यांनी बरोबर ओळखलं. आंधळ्याच्याही गायी देव राखतो म्हणतात. शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवून सापळा रचला. बूट आमिष म्हणून कपाटातच, आणि आम्ही गच्चीवर टाकीमागे दबा धरणार. लिफ्टच्या आवाजाने चोर सावध होईल, म्हणून जिन्याने निघालो. पहिले दोन मजले हे ऐटीत चढले, पुढचे दोन कठडा धरून, आणि त्यापुढचे मला धरून. गच्चीचं दार दिसलं तिथेच हे बसले ते बसलेच. छातीतून शिट्टी वाजत होती.

इतक्यात खालून दणदण पावलं आली. ‘चोर!’ म्हणायला यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवाच बाहेर पडली.

आधी बूट आले. बुटांच्या वर सासरे होते, ताजेतवाने. आणि त्यांच्यामागे कमरेवर हात ठेवून खालच्या बाई.

“कधीपासून सांगतेय! तुमचे वडील रोज दुपारी हे बूट घालून जिना चढतात-उतरतात! माझ्या झोपेचं खोबरं झालंय!”

सासरे ओशाळले. यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “कोरे बूट घालून डोंगर चढलास तर चावतील तुला. शाळेत असताना बूट चावले की केवढा रडायचास. आपलं माप एकच. म्हटलं, मीच वापरून जरा सैल करून ठेवतो.” मग थोडं थांबून, “आणि म्हटलं, गुडघेही बघावेत. तूच म्हणालास ना बघा म्हणून. छान चालतायत रे. येऊ का डोंगरावर?”

यांचं उत्तर तयार असणारच, पण बोलायला दम नव्हता. त्यामुळे तपास सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच सासऱ्यांना वाक्य पुरं करता आलं होतं. ही संधी मी सोडते होय?

“बाबा, तुम्ही येताय,” मी म्हणाले. “आणि बूटही तुम्हीच घाला.”

उतरताना सासऱ्यांनी यांना आधार दिला. दोन मजले गेल्यावर यांना वाचा फुटली.

“मला पहिल्यापासून घरच्याच माणसाचा संशय होता,” हे माझ्याकडे वळून म्हणाले. “आता आरोपी डोंगरावरून निसटू नये म्हणून मी त्याचा हात धरूनच चालणार.”

“बरं बरं,” म्हणत सासऱ्यांनी यांचा हात आणखी घट्ट धरला. “आता खाली बघून पाय टाक.”