आरतीचे ब्लाउज आणि आबांचा सोफा

किशोरचं एक होतं, कुठलीही गोष्ट करायच्या आधी तो ती डोळे मिटून पाहून घ्यायचा. पाटबंधारे खात्यातल्या त्याच्या टेबलावर फायली साचायच्या त्या याच कारणानं. मनातल्या मनात त्यानं त्या केव्हाच निकाली काढलेल्या असायच्या. (साहेबांना मनातलं दिसत नसे, त्याला किशोर काय करणार?)

त्यामुळे अकोल्याचे कापडवाले कुलदीपशेठ जेव्हा त्याच्या बायकोला म्हणाले की ब्लाउज हँगरवर टांगून दाखवू नका, अंगावर दाखवा, तेव्हा बायको काळजीत पडली आणि किशोर स्वप्नात. आरती लग्न झाल्यापासून अमरावतीत लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करत आली होती. गेलं वर्षभर मात्र दुपारच्या निवांत वेळी तिनं आपल्या मनासारखे ब्लाउज शिवले होते. पुढून अगदी साधे, आणि पाठीवर भरतकाम: संत्र्याच्या फांद्या, कपाशीची बोंडं, पळसाची फुलं. शेठना पसंत पडले तर त्यांच्या दुकानात ते तिच्या नावानं लागणार होते. नाही पडले, तर पुन्हा जन्मभर फॉल-पिको.

"आपन लहानसा फॅशन शो करू," किशोर म्हणाला.

त्या 'लहानसा'ला मग पाय फुटले. भावकीतल्या एकाच्या मंगल कार्यालयाचा हॉल फुकटात मिळाला. लाकडी तखताला तखत जोडून रॅम्प झाला, त्यावर लाल गालिचा आला. धुराचं मशीन कुठं मिळेना, तेव्हा किशोरनं लोभान आणला. मॉडेल घरच्याच. त्याची वहिनी कौशल्या, वरच्या मजल्यावरची पौर्णिमा, गल्लीतली करिश्मा आणि आणखी काही जणी. साऱ्या मोर्शीजवळच्या त्याच्याच गावच्या सुना, नवऱ्यांच्या नोकऱ्यांपायी अमरावतीत आलेल्या.

गच्चीवर रोज संध्याकाळी तालीम चाले. हळू चाला, हसू नका, लांब सातपुड्याकडे पाहिल्यासारखं पाहा, टोकाशी वळा आणि पाठ दाखवून थांबा, असं किशोर सांगायचा. सातपुड्याकडे पाहिलं तर कुकरकडे कोण पाहणार, असं कौशल्यावहिनींचं म्हणणं होतं. पण हळूहळू त्यांनाही गोडी लागली. मावळतीचा उजेड, दोरीवर हलणाऱ्या चादरी, मोबाइलवर बासरी, आणि पाठीवर कपाशीची बोंडं घेऊन संथ चालत जाणाऱ्या बायका. किशोरच्या डोळ्यांत पाणी यायचं. आरती हातातली सुई थांबवून पाहत राहायची. हे आपण शिवलंय, यावर तिचा विश्वासच बसत नसे.

या सुंदर स्वप्नात एकच उणीव होती, ती किशोरनं कुणालाही न विचारता भरून काढली. उद्घाटनासाठी त्यानं गावाहून आपल्या आबांना, म्हणजे वडील खुशालरावांना बोलावलं. आबांचा सोफा रॅम्पच्या अगदी टोकाशी मांडला, शेजारी कुलदीपशेठ. (पुढं काय होणार हे वाचकाला एव्हाना कळलं असेल. किशोरला कळलं नव्हतं.)

लोभानाचा धूर पसरला. बासरी सुरू झाली. कौशल्यावहिनी सातपुड्याकडे पाहत निघाल्या, धूर जरा विरला आणि समोर सासरे दिसले. पदर डोक्यावर आला. नुसता डोक्यावर नाही, दोन्ही खांद्यांवरून घट्ट. संत्र्याच्या फांद्या गेल्या आत. टोकाशी त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि सासऱ्यांकडे पाठ कशी करायची म्हणून उलट्या पावलांनीच पडद्यापर्यंत मागे गेल्या. मग पौर्णिमा आली. पदर, नमस्कार, उलटी पावलं. करिश्माचंही तेच. गावच्या नात्यानं खुशालराव साऱ्यांचेच सासरे होते. ते प्रत्येकीला तोंड भरून आशीर्वाद देत होते आणि शेठना प्रत्येकीचं माहेर समजावून सांगत होते.

"मामाजीले इथं कोनं बसवलं?" पडद्याआड आरतीनं विचारलं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तर किशोर जास्त घाबरला.

तो आबांकडे धावला. चहाला चला म्हणाला, आबांचा चहा झाला होता. मागं पंख्याचा वारा चांगला लागतो म्हणाला.

"मी मुख्य पाहुना आहो न," आबा म्हणाले. "मांगं काहून बसू?"

तोवर शेठ चपला शोधू लागले होते. आरतीनं ते पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि स्वतः घालायचा ठेवलेला, पळसाच्या फुलांचा ब्लाउज घडी करायला घेतला. "राहू द्या," ती म्हणाली. "फॉल-पिको काही वाईट नाही."

हे वाक्य किशोरनं डोळे मिटून कधी पाहिलं नव्हतं. त्यानं तिच्या हातातून ब्लाउज घेतला आणि शर्टावरून चढवला. हुक लागायचा प्रश्नच नव्हता, बाह्या दंडातच अडकल्या. तसाच तो धुरातून निघाला. हळू चालला, हसला नाही, सातपुड्याकडे पाहत राहिला. टोकाशी वळला आणि जन्मदात्याकडे पाठ करून उभा राहिला.

आबांनी टोपी नीट केली.

"शेठजी, आमच्या घरी असं कोनी नोयतं," एवढं म्हणून ते उठले आणि चालते झाले.

दार बंद झालं, तसे पदर खाली आले. बायका पुन्हा निघाल्या, या वेळी गच्चीवर चालत तशा. विरत्या धुरात एकेक पाठ वळत होती, फांद्या, बोंडं, फुलं उजेडात येत होती. शेठ चपला पायात तशाच ठेवून परत बसले. आरती पडदा धरून उभी होती, आणि तिला रडू येत होतं.

शेवटी शेठ म्हणाले की सगळे ब्लाउज घेऊन अकोल्याला या, तुमच्या नावाची पाटी लावू. किशोर जवळच घुटमळत होता. लोभानाच्या कल्पनेबद्दल ते काहीतरी बोलतील, अशी त्याची अपेक्षा होती.

"बायांच्या पाठीवर तं काहीबी शोभते, ताई," शेठ त्याच्याकडे पाहत म्हणाले. "पन यायच्या पाठीवरही तुमचं काम चांगलं दिसलं. तवाच म्या ठरवलं, माल पक्का आहे."

किशोरला त्यातलं 'चांगलं दिसलं' तेवढं ऐकू आलं. घरी जाताना मान ताठ ठेवून तो स्कूटर चालवत होता. मागं बसलेली आरती का हसून राहिली आहे, हे त्याला राजापेठ चौक ओलांडल्यावर कळलं.