रिकाम्या बाटलीतलं चिमूटभर पीठ

कुरखेडा तालुक्यातील पिटेटोला या गावी यंदाच्या उन्हाळ्यात अशी एक लस आली, जिच्यात काहीच नव्हते. ही तक्रार नाही. तेच तिचे वैशिष्ट्य होते आणि त्यासाठीच तिची प्रायोगिक तत्त्वावर निवड झाली होती.

लस घटसर्पाची. पावसाळा लागला की बैलाचा गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि काल नांगराला जुंपलेले जनावर आज उठत नाही, तो हा रोग. जनावरांचे डॉक्टर हेमराज साहेब यांनी समाजमंदिरासमोर सगळ्यांना बसवून शास्त्र समजावले. रोगाचा जंतू घ्यायचा, त्याला एक बारीक भोक पाडायचे आणि आतले सगळे वाहून जाऊ द्यायचे. उरते ते नुसते कवच. कवच कोणाला आजारी पाडू शकत नाही. पण बाहेरून हुबेहूब जंतूच दिसत असल्यामुळे बैलाचे शरीर खडबडून जागे होते आणि खऱ्या जंतूची तयारी करून ठेवते. शिवाय ही लस कोरडी, पांढरट भुकटी; टोचण्याआधी पाण्यात मिसळायची. तिला फ्रीज लागत नाही. वीज कधी येते हे ज्या गावात अंदाजाने सांगतात, तिथे ही मोठीच सोय होती.

"म्हंजे बाहेरून सारं तसंच, अन् आत काहीच नाई?" सोमारीने विचारले.

"अगदी बरोबर, बाई."

"मंग आपल्या दवाखान्यावानीच झाली ना जी. बोर्ड हाये, पायऱ्या हायेत, आत कोनी नाई."

लोक हसले. डॉक्टरही हसले. त्या दवाखान्यात त्यांनीच बसायचे होते, पण त्यांच्याकडे आणखी तीन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार असल्यामुळे ते कोणत्याच ठिकाणी नसत. हसायला मात्र त्यांना वेळ होता.

सोमारीचे विचारणे उगाच नव्हते. मोऱ्या आणि लाखा ही तिची बैलजोडी. धानाची चिखलणी या जोडीवरच, आणि ट्रॅक्टर तिच्या बांधीपर्यंत, धानाच्या खाचरापर्यंत, पोचत नाही. दोन्ही बैलांना पहिली मात्रा टोचली गेली. दुसरी मात्रा तीन आठवड्यांनी. ती झाली तरच पावसाळाभर निश्चिंती. तोवर पाऊस लागून नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा पूल, बुडाला, तर गावात कोणी येत नाही आणि गावातून कोणी जात नाही.

जाताना डॉक्टरांनी गावात जनावरांच्या औषधपाण्याला मदत करणाऱ्या पशुसखी कमळाबाईला बजावले, "वापरलेल्या बाटल्या मोजून कार्यालयात परत पाठवा. इथे फेकू नका."

कमळाबाई सोमवार धरते, चतुर्थी धरते, गुरुवारी मीठ खात नाही. नियम म्हटला की तिला दोनदा सांगावे लागत नाही. पण तिच्या माहेरी एक नियम कार्यालयाच्याही आधीपासून होता. कोणाचे भांडे आले तर ते रिकामे परत करायचे नाही. शेजारणीची वाटी असो की जावेचा डबा, दोन दाणे, खडीसाखर, काहीतरी घालूनच द्यायचे. नाहीतर देणाऱ्याच्या घरची लक्ष्मी रुसते. सरकारची बाटली झाली म्हणून काय झाले? सरकारलाही घर असेल. तिने सगळ्या बाटल्या धुतल्या, उन्हात वाळवल्या, प्रत्येकीत चिमूटभर तांदळाचे पीठ घातले, बूच लावले आणि हात जोडून पाठवून दिल्या.

लसीचा हिशेब ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या पशुकवच कक्षात बाटल्या भांडारपाल भैयाजींच्या टेबलावर आल्या. भैयाजींनी एक बाटली उजेडाकडे धरली. तळाशी पांढरट भुकटी. त्यांनी दुसरी धरली. त्यातही तेच. मग त्यांनी जे लिहायचे ते लिहिले: पिटेटोला, मात्रा वापरलेली नाही, साठा शिल्लक.

यापुढचे सगळे नियमाने झाले. शिल्लक साठा असलेल्या गावाला नवा पुरवठा देता येत नाही. आणि ज्या गावात पहिली मात्रा झालेली नाही, तिथे दुसरीचा प्रश्नच उद्भवत नाही.

तीन आठवडे उलटले तरी कोणी फिरकले नाही, तेव्हा सोमारी आणि कमळाबाई एसटीने जिल्ह्याच्या गावी गेल्या.

"काऊन जी भाऊ, आमच्या गावाले दुसरी सुई काऊन नाई?"

"पहिलीच नाही झाली तुमची," भैयाजी शांतपणे म्हणाले.

"अशी कशी नाई झाली? माह्या मोऱ्याच्या मानेवर अजून गाठ हाये सुईची! हात लावून पाहा, चाला."

"बाई, गाठ तुमच्या बैलाला आहे. आमच्याकडे साठा आहे. दोन्हीपैकी कार्यालयात कोणता दिसतो?"

कमळाबाईला आता सगळे ध्यानात आले. तिने पदर सावरला आणि हळू आवाजात सांगितले, "साहेब, ते तांदळाचं पीठ हाये. मीच घातलं. भांडं रिकामं कसं धाडावं, म्हनून."

भैयाजींनी चष्मा काढला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे कोणी काही भरून पाठवले नव्हते, त्यामुळे क्षणभर त्यांना भरूनही आले. पण भावना टेबलाच्या या बाजूला चालत नाहीत.

"पीठ असेल तर तो अन्नपुरवठ्याचा विषय आहे. माझ्याकडे लसीच्या बाटलीत जे असते त्याला लस म्हणतात. तुम्ही असे करा, या बाटल्या घेऊन जा आणि रिकाम्या करून परत पाठवा. मग मी दुसरी मात्रा सोडतो."

एसटीत सोमारी म्हणाली, "आता काय करतेस वो बाई?"

"करतो ना. बैलापरीस माहा नेम मोठा हाये का?"

घरी येऊन कमळाबाईने पीठ चिमण्यांना टाकले. देवापुढे बसून माफी मागितली, त्या दिवशी उपास धरला आणि जन्मात पहिल्यांदा कोणाचे तरी भांडे रिकामे पाठवले.

आठवड्याच्या आत बाटल्या परत आल्या आणि सोबत नोटीस. पिटेटोला येथील शिल्लक साठा पशुसखीच्या ताब्यात दिला असता, सर्व बाटल्या रिकाम्या आढळल्या. सदर लस कोठे गेली याचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा अपहार समजण्यात येईल.

कमळाबाईने डॉक्टरांना फोन लावला. हेमराज साहेबांची तेव्हा चौथ्या दवाखान्यात नसण्याची पाळी होती.

"साहेब, भरून देल्ल्या तं वापरल्या नाई म्हनतेत, रिकाम्या देल्ल्या तं चोरल्या म्हनतेत! आता मी काय देऊ?"

डॉक्टर वाईट गृहस्थ नव्हते. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ताई, तुमच्या घरी अजून तांदळाचं पीठ आहे का?"

कमळाबाईने पुन्हा पीठ भरले. या वेळी हात जोडले नाहीत. बाटल्या कक्षात पोचल्या, भैयाजींनी उजेडाकडे धरल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. साठा जुळला. अपहार मिटला. नोटीस मागे घेण्यात आली. साठा पूर्ण असल्यामुळे नव्या पुरवठ्याची गरज नसल्याचेही त्याच पत्रात कळवले होते. सगळे जिथल्या तिथे बसले होते. फक्त लस तेवढी कुठेच नव्हती.

पाऊस लागला. रपटा बुडाला. चिखलणीच्या ऐन दिवसांत मोऱ्याचा गळा सुजला. सोमारीने त्याच्या गळ्याला शेक दिला, गावच्या पुजाऱ्याला बोलावले, डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर नाल्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले आणि तिथूनच मोठ्याने काय करायचे ते सांगत होते. पाण्याच्या आवाजात ते कोणालाच ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी मोऱ्या उठला नाही. लाखा एकटाच दावणीला उभा राहिला आणि सोमारीने उरलेली चिखलणी फावड्याने केली.

पावसाळा सरता सरता प्रायोगिक प्रकल्प संपवायची तारीख जवळ आली. तालुक्यातली सगळी गावे पूर्ण दाखवायची होती आणि पिटेटोल्याचा साठा अजून पडून होता. भैयाजींनी तो एका दुपारी वापरून टाकला. म्हणजे, वापरला असे लिहिले. संगणकाने बैलांच्या कानातल्या बिल्ल्यांच्या नंबरांवरून मालकांच्या मोबाइलवर संदेश सोडले.

सोमारीच्या मोबाइलवर दोन आले. कमळाबाईने वाचून दाखवले: "अभिनंदन! आपल्या बैलाची दुसरी मात्रा पूर्ण झाली असून तो सुरक्षित आहे." एक लाखाच्या नावाचा. एक मोऱ्याच्या.

"मोऱ्या सुरक्षित हाये?"

"असंच लिहून राह्यलेत."

"लिहून राह्यलेत ना. बाहेरून नंबर हाये, बिल्ला हाये. आत बैल नाई." सोमारीने फोन कमरेला खोचला आणि लाखाला पाणी दाखवायला गेली. कमळाबाईला वाटले होते ती ओरडेल, रडेल, निदान कक्षाला चार शिव्या तरी देईल. तसे काही झाले नाही. गावात दुसरे कोणीही ओरडले नाही.

हिवाळ्यात हेमराज साहेब प्रकल्पाचा समारोप करायला आले, तेव्हा त्यांनी याची मुद्दाम नोंद घेतली. प्रयोग यशस्वी झाला, असे ते म्हणाले. रिकामे कवच पुन्हापुन्हा दिले की शरीराला सवय होते. मग खरे संकट आले तरी अंग तापत नाही. त्यांना बैलांबद्दल बोलायचे होते.

ही हकीकत वाचताना आपल्याला दोनतीनदा हसू आले असेल. मोऱ्याच्या जागी थोडे वाईटही वाटले असेल. पण अंग जर कुठेच तापले नसेल, तर काळजी नसावी. आपल्या दोन्ही मात्रा वेळेवर पूर्ण झालेल्या आहेत.