दोन मेहुणे, एक अडॅप्टर

ओन्चानच्या मांडीवर फाख्वान होतं, त्यामुळे गाडीत ओन्चान जवळपास दिसतच नव्हती. केळीच्या पानांचा हातभर उंच सुळका, त्यात तीन दिवस खपून खोवलेली झेंडूची फुलं आणि कडेने लोंबणारे पांढरे दोरे. चार वाजता थाखेकला तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. या फाख्वानाभोवती बसूनच म्हातारी मंडळी नवरानवरीचे बत्तीस जीव अंगात परत बोलावणार आणि मनगटांना दोरे बांधणार. फाख्वान नाही तर विधी नाही, आणि विधी नाही तर लग्न कसलं?

“एसी वाढवा हो,” झेंडूच्या मागून आवाज आला. “फुलं मान टाकायला लागलीत.”

“एसी वाढवला की बॅटरी मान टाकते,” तिचा नवरा सिसूक म्हणाला, पण वाढवला.

सिसूक टपाल खात्यातून नुकताच निवृत्त झाला होता आणि निवृत्तीच्या पैशातून त्याने ही चिनी विजेची गाडी घेतली होती. जुनी, पण दिसायला गोंडस. एकदा चार्ज केली की तीनशे किलोमीटर जाते असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ती खरंच जायची, फक्त उतारावर, एसी बंद करून आणि शेजारी बायको नसताना. एरवी दोनशेवीस. लाओसच्या राजधानीतून, व्हिएन्टियानहून, थाखेक साडेतीनशे. म्हणजे वाटेत पाकसानला चार्जिंगसाठी थांबणं भाग होतं, आणि नेमकं पाकसानलाच थांबायचं नव्हतं.

कारण पाकसानला ओन्चानचा थोरला भाऊ काँगकेओ राहायचा. त्याच्याकडे डिझेलची पिकअप होती आणि जीभही डिझेलवरच चालायची. गाडी घेतली त्या दिवशी तो म्हणाला होता, “दाजी, रिमोट कुठाय हो हिचा? बरोबर मिळाला नाही?” लग्नाला निघायचं ठरल्यावर त्याने फोन केला, “पाकसानपर्यंत या कसेबसे, पुढे माझ्या पिकअपमध्ये टाकून नेतो तुम्हाला. खेळणं मागे बांधू.” त्यावर सिसूक ताठ मानेने म्हणाला होता, “दादा, आम्ही कुठेही न थांबता थाखेक गाठणार.”

म्हणून सकाळी दहाला पाकसानच्या बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर गाडी वळवताना सिसूकने काउबॉय टोपी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली. बॅटरीत एकोणीस टक्के उरले होते.

स्टेशनवर एकच फास्ट चार्जर होता. त्याचं तोंड वेगळं आणि सिसूकच्या चिनी गाडीचं तोंड वेगळं. दोघांची सोयरीक जुळवायला त्याने बाजारातून एक अडॅप्टर आणला होता, नारळाएवढा जड. त्याच्याबरोबर चिनी भाषेतला बारीक अक्षरांचा कागद होता. तो ओन्चानने सुकी मासळी बांधायला वापरला होता.

अडॅप्टर गाडीत बसला. चार्जरच्या केबलची पिस्तुलासारखी गन अडॅप्टरमध्ये बसली. खट्ट आवाज झाला, हिरवा दिवा लागला आणि सिसूकने टोपी मागे सरकवली. “बघ! लोक उगाच घाबरतात.”

दोन मिनिटांनी दिवा लाल झाला. सिसूकने गन ओढली. निघेना. गनसकट अडॅप्टर ओढला. निघेना. चाकाला पाय लावून ओढला तेव्हा गाडी हलली, पण अडॅप्टर नाही. आता गाडी चार्जही होईना आणि सुटेही ना.

“गाय खुंट्याला बांधावी तशी बांधलीत की हो,” ओन्चान खिडकी दोन बोटं उघडून म्हणाली. मार्चचं ऊन आत आलं तशी तिने ती लगेच मिटली.

खांबावर लिहिलेल्या नंबरावर सिसूकने फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. “काका, आमचा चार्जर ठीक दिसतोय. अडॅप्टर आमचा नाही ना? मग अडॅप्टरवाल्याला विचारा.” अडॅप्टरवाला म्हणाला, “माझा अडॅप्टर? शंभर विकलेत, एकाची तक्रार नाही. गाडीचं कुलूप बिघडलं असणार.” गाडीवाला म्हणाला, “बाहेरचा अडॅप्टर लावलात? अरेरे,” आणि एवढी सहानुभूती दाखवून त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात मागे एक छोटीशी निळी गाडी येऊन उभी राहिली. तिच्यातून एक ठेंगणी बाई उतरली. मागची सीट काकड्यांनी भरलेली.

“किती वेळ लागेल, दादा?”

“झालंच,” सिसूक म्हणाला.

बाईंनी लाल दिव्याकडे पाहिलं, चाकावरच्या पायाच्या ठशाकडे पाहिलं आणि मुकाट्याने एक काकडी सोलायला घेतली. त्यांचं नाव बुआवान. बाजारात गाळा होता त्यांचा.

फोन वाजला. काँगकेओ! सिसूकने खोल श्वास घेतला.

“काय दाजी, कुठवर आलात? का ढकलताय?”

“ढकलतोय कशाला? पहाटे चारला निघालो आम्ही. हिनबून मागे टाकलं की! थाखेक आलंच.”

पलीकडे काँगकेओ खाकरला. “अस्सं? मी पण वाटेतच आहे. पिकअप नुसती उधळलीय!” त्याच्या मागे कुठेतरी कोंबडा आरवला. धावत्या पिकअपमध्ये कोंबडा कुठून आला, हे विचारायचं सिसूकला सुचलं नाही, कारण त्याच वेळी बुआवानबाई मोठ्याने ओरडल्या होत्या, “मीठ आहे का हो कुणाकडे?”

साडेदहा झाले. फुलांसाठी एसी चालू ठेवणं भाग होतं, आणि एसी बॅटरी खात होता. अठरा. सतरा. ओन्चान आतून बोटांनी आकडे दाखवत होती. शेवटी तिने काच खाली केली. तिचे डोळे भरले होते.

“माझ्या पोरीसारखी आहे हो ती,” ती म्हणाली. “तिच्या बारशाचं फाख्वानही मीच केलं होतं. दादाला फोन करा. जाऊ दे तो मानपान.”

“दादा पुढे गेला असेल.”

“मग मी करते.”

सिसूकचा चेहरा बघून बुआवानबाईंना राहवलं नाही. “अडकलाय ना? आधीच सांगायचं! आमच्याकडे एक काका आहेत त्यातले जाणकार. माझा दोनदा सोडवला. दर मंगळवारी येतात इथे. थांबा, बोलावते.” त्यांनी फोन लावला. “काका, आणखी एक बकरा अडकलाय. हो, व्हिएन्टियानचाच दिसतोय. या लवकर, माझ्या काकड्या सुकतायत.”

दहा मिनिटांत एक पांढरी विजेची गाडी आवाज न करता स्टेशनात शिरली. आतून लग्नाचा रेशमी सदरा घातलेला, गळ्यात फोनच्या वायरी अडकवलेला एक धिप्पाड माणूस उतरला. उतरला आणि जागीच थिजला.

“दादा,” सिसूक म्हणाला.

“दाजी,” काँगकेओ म्हणाला.

दोघांनीही एकमेकांच्या गाडीकडे पाहिलं. हिनबून तिथून शंभराहून जास्त किलोमीटर लांब होतं आणि पिकअप कुठेच नव्हती.

“पिकअप विकली,” काँगकेओ हळू आवाजात म्हणाला. “दोन महिने झाले. डिझेल कुठे परवडतंय?”

“मग माझ्या गाडीचा रिमोट शोधत होतात ते?”

“तेव्हा पिकअप होती हो!”

“आणि परवा? खेळणं मागे बांधू म्हणालात ते?”

काँगकेओ घाम पुसत राहिला. काच खाली झाली. “दादा!” ओन्चानचा आवाज झेंडूतून असा आला की दोन्ही मेहुणे दचकले. “फुलं मरतायत. भांडा, पण हात चालवत भांडा.”

मग काँगकेओने अडॅप्टरच्या पोटाखालचं एक रबरी बूच नखाने उचकटलं. आत फोनच्या चार्जरची पिन जाईल एवढंच भोक होतं. “याच्या पोटात स्वतःची एक बारकी बॅटरी असते. ती संपली की हा मेल्यासारखा पडतो आणि दात सोडत नाही.”

“म्हणजे गाडी चार्ज करायला चार्जर, चार्जरला अडॅप्टर, आणि अडॅप्टर चार्ज करायला फोनचा चार्जर?”

“मला तरी कुठे माहीत होतं! पहिल्या वेळी चार तास बसलो होतो इथे. पावसात. घरी सांगितलं, मासे पकडायला गेलो होतो.”

सिसूक हसला. हसायचं नाही असं ठरवूनही हसला.

वीस मिनिटांत खट्ट झालं. काकडी खाता खाता बुआवानबाईंनी टाळी वाजवली, आणि लग्न आहे कळल्यावर आपला नंबरही सोडला. “पोरीच्या लग्नाआड काकड्या येऊ नयेत,” त्या म्हणाल्या. पण दोन गाड्या भरण्याइतका वेळ आता नव्हता. निर्णय ओन्चाननेच घेतला. काँगकेओची गाडी बाजूला लागली, आणि सिसूकची पुरेशी भरल्यावर तिघंही तिच्यात बसून निघाले. पुढे सिसूक, शेजारी गुडघे हनुवटीला टेकवून काँगकेओ, मागे फाख्वान आणि त्याच्या आड ओन्चान. वाटेत दादाने एकदाही गाडीला नावं ठेवली नाहीत. उलट चढ आला की स्वतःच एसी कमी करायचा आणि उतार आला की वाढवायचा.

चारला दहा मिनिटं कमी असताना ते पोचले. एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेले दोन मेहुणे एकाच गाडीतून उतरताना पाहून नवरीच्या आईने तोंडावर हात ठेवला. विधी सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाबांच्या कानावर ते गेलं. नवरानवरीचे दोरे बांधून झाल्यावर त्यांनी दोघा मेहुण्यांना शेजारी बसवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा रे पोरांनो. प्रदूषण नको, खर्च नको, म्हणून यांनी दोन गाड्यांऐवजी एकच गाडी आणली. याला म्हणतात समजूतदारपणा.” वीस-पंचवीस जणांनी दोघांच्या मनगटांना दोरे बांधले. दोघंही खाली मान घालून बसले होते. ओन्चानला खोकल्याची मोठी उबळ आली आणि ती पाणी प्यायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी परत निघताना गाडीत सत्तर टक्के होते. बहिणीच्या घरच्या साध्या प्लगवर तेवढीच भरली होती.

“इथल्या स्टेशनवर भरून घ्यायची का?” सिसूकने विचारलं.

“कशाला?” काँगकेओ म्हणाला. “मी आहे ना! एसी बंद, काचा खाली, हळू हळू. पाकसान आरामात.”

“तेच म्हणतो मी.”

ओन्चानने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आपली पिशवी उचलली आणि बसचं तिकीट काढलं.

दुपारी बस पाकसानच्या निम्म्या वाटेवर, वियंगखामच्या वळणावर आली. खिडकीतून तिला रस्त्याकडेचं चार्जिंग स्टेशन दिसलं. गाडीचं झाकण उघडं, अडॅप्टरमधून फोनची वायर सलाईनसारखी लोंबलेली, आणि सावलीत दोन मेहुणे मांडी घालून बसलेले. मधे चिकट भाताची टोपली आणि भाजलेली कोंबडी. काँगकेओ हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि सिसूक हसून हसून मागे कलंडला होता. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने या दोघांना एकत्र जेवताना असं कधी पाहिलं नव्हतं.

“कुणी ओळखीचं आहे का, मावशी?” कंडक्टरने विचारलं. “थांबवू का?”

“अजिबात नको,” ओन्चान म्हणाली, आणि पडदा ओढून घेतला.