बंद गळ्याचा कोट आणि चोवीस गोळ्या

शोकसभेत बोलावं तर गोपाळरावांनीच, असं नागपुरातला आमचा अख्खा जरीपटका म्हणतो. म्हणजे मी म्हणतो आणि जरीपटका विरोध करत नाही. माझ्या एका भाषणाने खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून उडणारी राख तासभर थांबली होती. पण ते असो.

माझा मित्र महादेवराव गेला. खापरखेड्यापलीकडे त्याची चार एकर कपाशी. शोकसभेच्या सकाळी त्याच्या मुलीचा, अपेक्षाचा फोन आला. बोंडअळीचे पतंग दिसू लागलेत, सापळ्यातल्या जुन्या गोळ्यांचा वास उडाला, येताना नव्या आणा. या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. त्या ओढीने नर येतात, सापळ्याच्या पिशवीत अडकतात आणि बोंडं वाचतात.

चोवीस गोळ्या घेतल्या. बसमध्ये एक पाकीट फोडून हुंगलं. कसलाच वास नाही! दुकानदाराने फसवलं म्हणून उरलेलीही फोडली, एकेक गोळी हुंगली आणि सगळ्या कोटाच्या खिशात टाकल्या. कोट काळा, बंद गळ्याचा, फक्त शोकसभेचा.

दिवेलागणीला शेताला लागून असलेल्या अंगणात सभा सुरू झाली. "महादेवराव आपल्यातून गेलेले नाहीत," असं मी म्हणालो आणि एक पतंग येऊन छातीवर बसला. मग दुसरा. पाच मिनिटांत कोटाची बटणं दिसेनात. मी भाषण थांबवलं नाही.

महादेवरावची बायको प्रयागबाई उठल्या. तेरा दिवसांत ही बाई रडली नव्हती. माझ्या खिशाजवळ हात नेऊन म्हणाल्या, "आले हे." आणि रडल्या. मग अंगण रडलं. स्वतःच्या भाषणाने मीही रडलो.

डोळे पुसून त्यांनी अपेक्षाला सांगितलं, "सारे सापळे काढ वं. माझ्या माणसाले पिशवीत कोंडू नको."

अपेक्षाचा चेहरा उतरला. बापाने हाताने लावलेलं हे शेवटचं पीक. सापळे निघाले की ते अळीचं.

तेव्हा मी सहसा करत नाही ते केलं. खरं सांगितलं. खिशातून गोळ्याही काढून दाखवल्या.

"भाऊजी," प्रयागबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही ते राख थांबवली होती ना, तसंच हे बी." लोकांनी माना डोलावल्या.

अपेक्षा माझ्या कानाशी आली. "काका, आजच काहून खरं बोलून राहिले? नेहमीसारखं बोला ना."

मी डोळे मिटले. "वहिनी, महादेव आत्ताच कानात बोलला. म्हणतो, हे पतंग म्हणजे मी नाही. हा देवाजी आहे."

देवाजी म्हणजे शेजारच्या शेताचा मालक. तीस वर्षं दरसाल वीतभर धुरा, म्हणजे बांध, महादेवच्या शेतात सरकवत आला आणि दोन वर्षांपूर्वी वारला.

प्रयागबाईंचे डोळे क्षणात कोरडे झाले.

"अपेक्षा, किती सापळे आहेत वं?"

"चोवीस."

"अजून दहा आण."

कपाशी वाचली. कोट मात्र वहिनींनी ठेवून घेतला. धुऱ्यावर, देवाजीच्या शेताकडे तोंड करून, बांबूला टांगलाय. गेल्या आठवड्यात जरीपटक्यात शोकसभा होती. साध्या शर्टावर गेलो, पाऊण तास बोललो. एक माणूस रडला नाही.