आषाढात गावी जाणारा माणूस

घाडीकाकांनी आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक कमिटीचा राजीनामा दिला होता. ज्या कमिट्यांवर ते कधी नव्हतेच, त्यांचासुद्धा. पाण्याच्या टाकीची कमिटी नेमली, यांचा राजीनामा. होळीची वर्गणी मागायला पोरं दारात आली, त्यांच्या तोंडावर राजीनामा. एकदा तर आमच्या महिला मंडळाचा दिला. मी सेक्रेटरी होते. मी म्हटलं, "अहो काका, तुम्ही पुरुष आहात." तर म्हणाले, "म्हणानच देतंय!" आणि दार आपटून निघून गेले. दार माझं होतं.

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत, तीही नावाला. लग्न त्यांनी केलं नव्हतं. गिरणी सुटल्यावर एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले होते. उंची बेताची, आवाज मात्र तिन्ही मजल्यांना पुरेल असा. तापट मीही आहे. दूधवाला माझ्या दारात दुसऱ्यांदा बेल वाजवायला धजत नाही. पण घाडीकाकांपुढे मी म्हणजे अगदी गरीब गाय.

त्यांची एक गोष्ट मला कळतच नसे. मालवणकडचा माणूस नोकरी सोडेल, पण गणपतीला गावी जायचं सोडणार नाही. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी दारं त्या दिवसांत कुलूपबंद असत. घाडीकाका मात्र एकटे खोलीत. स्टोव्हवर आमटी उकळायची, रेडिओ चालू, आणि रेडिओवरच्या माणसाशी भांडण चालू. यांची सगळी रजा आषाढातच संपलेली असायची. आषाढात! ज्या महिन्यात कोकणातला माणूससुद्धा घराबाहेर पडत नाही, रस्ते वाहून जातात, एसटी घाटात अडकते, त्या महिन्यात हे छत्री आणि वळकटी घेऊन गावी. जाताना किल्ली माझ्या हातात कोंबत आणि सांगत, "कोणी इचारल्यान तर सांगा, मेलो म्हणान."

का जातात, हे मला त्यांच्या गावच्या मंडळामुळे कळलं. गाव कोकणात, पण गावाचे सगळे निर्णय मुलुंडला होत. महिन्यातून एका रविवारी मुंबईकर ग्रामस्थ मंडळाची सभा घाडीकाकांच्या खोलीत भरायची, कारण चपला कुठेही काढल्या तरी रागावणारी बाई त्या एकाच घरात नव्हती. अध्यक्ष सफारी घालून यायचे. चहा घाडीकाका करायचे. भिंतीमुळे मला सगळी सभा घरबसल्या ऐकू यायची, न ऐकण्याची सोयच नव्हती.

वाद वर्षानुवर्षं एकच. गावातल्या वरच्या वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडली होती. आधी तीत गुराचा पाय अडकायचा, मग अख्खी म्हैस मावेल एवढी झाली. भेगेच्या खाली सात-आठ घरं, आणि त्यातलं अगदी डोंगराला टेकलेलं घर घाडीकाकांच्या वैनीचं. मोठ्या भावाची ही बायको. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलं. भाऊ गेला, मूलबाळ नाही, वर्षभर घरात एकटी. शाळेजवळ गावाच्या मालकीचा सपाट माळ होता. तिथे वाडीतली घरं हलवा, एवढंच घाडीकाकांचं मागणं. मंडळाला त्या माळावर दशावतारासाठी रंगमंच बांधायचा होता. रंगमंचाला अध्यक्षांच्या वडिलांचं नाव द्यायचं ठरलेलं.

"अरे मेल्यानू, माणसा मरतली थय!" घाडीकाका ओरडत.

"घाडी, डोंगर आपल्या आज्यापणज्यापासून उभो आसा," अध्यक्ष शांतपणे म्हणत. "तो काय तुझ्या राजीनाम्याची वाट बघीत रवलेलो नाय."

सगळे हसत. ही माणसं मुलुंडला, डोंबिवलीला स्लॅबच्या घरात झोपणारी. डोंगराखाली झोपणारा एकही जण त्या सभेत नाही. मला भिंतीच्या अलीकडे संताप येई. कुणाच्या डोक्यावर डोंगर आणि हात वर करून मत देणार कोण! शेवटी घाडीकाका राजीनामा देत, अध्यक्ष तो नामंजूर करत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा चहा. एका उन्हाळ्यात रंगमंचाचं जोतं बांधूनही झालं. चांगलं चिऱ्याचं, कमरेएवढं उंच. त्या दिवशी घाडीकाकांनी इतक्या जोराने दार आपटलं की माझ्या फळीवरची बरणी खाली आली.

आणि त्याच आषाढात डोंगर खाली आला.

बातमी पेपरात आली तेव्हा घाडीकाका गावीच होते. किल्ली माझ्याकडे. ते दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. येणाऱ्याजाणाऱ्यावर मी खेकसत होते. मग एका सकाळी ते जिन्यावर दिसले. कपड्यांवर लाल चिखल वाळलेला, आणि मागे नऊवारीतली एक वाळकी म्हातारी, तिच्या काखेत डालग्यात झाकलेला कोंबडा. मी विचारलं, "काका, सगळे बरे ना?" त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. आवाज पार बसला होता. घाडीकाका दिसतायत आणि ऐकू येत नाहीत, असं बिल्डिंगमध्ये पहिल्यांदाच घडत होतं.

गावात काय झालं ते त्या म्हातारीने, म्हणजे वैनीनेच सांगितलं. वैनी दुपारी माझ्याकडे येऊन बसायची, हात रिकामा नको म्हणून माझे तांदूळ निवडायची.

"ह्यो दरवर्साक असोच येता," ती म्हणाली. "पावस वाडलो की माका उठवता. वाडीतल्या सगळ्यांका गाळी घालता, शाळेत नेऊन निजवता. डोंगर काय पडना नाय. लोक ह्येका डोंगऱ्या म्हणान चिडवतत. मी म्हणतंय, रे नारायणा, लोक हसतत. तर म्हणता, हसांदेत."

"आणि या वर्षी?"

"ह्या वर्साक कोण उठाक तयार नाय. तर ह्यो दारादारात उभो रवान बोंबाललो. लोक ह्येका मारूक भायर इले, आणि ह्यो पळालो शाळेकडे. लोक मागसून." ती तांदळातला खडा काढून थांबली. "मगे आवाज झालो. मागे वळान बघलंव, तर घरा खय आसत?"

म्हणजे अख्खी वाडी घाडीकाकांना झोडपायला म्हणून बाहेर पडली आणि जगली. मी हसले. मग रडले. मग मला भयंकर राग आला, कारण त्याच रविवारी मंडळाची सभा होती.

सभेला अध्यक्ष नव्या सफारीत आले. म्हणाले, "देवाने राखलं. मंडळाची पुण्याई, म्हणून माणसं वाचली. तेव्हा रंगमंच आता थाटात पुरा करूया आणि उद्घाटनाला मोठी पूजा घालूया." वाडीतली बिऱ्हाडं शाळेच्या व्हरांड्यात भिजत पडलेली, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. घाडीकाकांचा आवाज नाही. मी भिंतीला कान लावून वाट बघतेय, आता ओरडतील, आता ओरडतील. त्यांना राजीनामासुद्धा देता येईना.

मी पदर खोचला आणि सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"देवाने राखलं म्हणता ना?" मी म्हटलं. "मग घसा कुणाचा बसलाय? बघा जरा त्या माणसाकडे! लाजा वाटत नाहीत तुम्हाला? दर महिन्याला त्यांच्याच घरात त्यांच्याच हातचा चहा ढोसता आणि त्यांनाच हसता!"

"बाई, हा आमच्या गावचा प्रश्न आहे," अध्यक्ष म्हणाले.

"गाव तुमचं नाही! जे तिथे भिजतायत त्यांचं आहे!"

घाडीकाका मोरीत कप विसळत होते, ते माझ्याकडे वळलेही नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वैनीला आणि कोंबड्याला घेऊन ते गावी गेले, बिनपगारी रजा टाकून. वाडीतल्या लोकांना हाताशी धरलं आणि रंगमंचाच्या त्या जोत्यावर, मंडळाच्या चिऱ्यांवर, बांबू आणि झावळ्यांची बिऱ्हाडं उभी केली. मधोमध, जिथे दशावतारातले देव येऊन नाचायचे, तिथे वैनीची चूल.

"रंगमंचावर गोठा केल्यान!" अध्यक्ष इथे मुलुंडला थयथयाट करत होते. पण कमरेएवढ्या उंच जोत्यावरून गरत्या बायकांना खाली उतरवणार कोण? हळूहळू झावळ्यांच्या जागी कौलं आली, भिंती आल्या. दरवर्षी वैनीकडे बसणारा घाडींचा गणपतीही त्या वर्षी तिथेच बसला. मुंबईहून भावकीतले झाडून सगळे पुतणे, त्यांच्या बायका, पोरं तिथे जाऊन राहिली, वैनीच्या हातची खीर खाऊन आली. घाडीकाका गेले नाहीत. रजा कुठे उरली होती?

पुढचा आषाढ आला. चार दिवस पाऊस नुसता कोसळत होता. एका संध्याकाळी दार वाजलं. बघते तर छत्री, वळकटी, आणि किल्ली पुढे केलेली.

माझं डोकंच सणकलं. "काका, आता कशाला मरायला जाताय? डोंगर पडून झाला! वैनी सपाटीवर, पक्क्या भिंतीत. कसली भीती उरलीय आता? जरा रजा राखा आणि गणपतीला जा की चार माणसांसारखे! हौस नाही का वाटत तुम्हाला?"

मला वाटलं, आता हे ओरडतील. मी तयारीतच होते. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि छत्रीचं बटण चाचपत राहिले.

"गणपतीक तिच्याकडे सगळे आसतत, बाईनु," ते म्हणाले. "आता कोण आसा?"