सातबाऱ्यावरची अनिसा

"जमीन कुणाच्या नावावर आहे हे बघायला तलाठ्याच्या मागं कशाला फिरता, बद्रीनाथ? बसा इथं. चहा येईपर्यंत सातबारा तुमच्या हातात देतो!"

मुख्तार सर छाती फुगवून असं म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप उघडला. तिथंच त्यांचा रविवार नासला.

मुख्तार सर गारखेड्यातल्या एका शाळेत गणित शिकवत. स्टाफरूममध्ये कुणाचा फॉर्म अडला, कुणाचा पासवर्ड हरवला की सरांनाच हाक जायची, त्यामुळं सरकारी वेबसाइट म्हणजे आपल्या घरचं अंगण, असं त्यांना वाटायला लागलं होतं. बद्रीनाथ त्याच शाळेत पीटीचे मास्तर. त्यांना गंगापूरकडं थोडी जमीन घ्यायची होती, पण विकणारा माणूस खरंच मालक आहे की नाही, याची धाकधूक होती.

सरांनी जिल्हा निवडला, तालुका निवडला, गाव निवडलं. आता फक्त मालकाचं नाव टाकायचं.

"नावाचा कागद घरीच राहिला की सर!" बद्रीनाथ खिसे चाचपत म्हणाले.

"राहू दे. नमुना म्हणून माझंच नाव टाकतो. कसं चालतं ते तर बघा!"

सरांनी ऐटीत टाइप केलं : शेख मुख्तार शेख याह्या. बटण दाबलं, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या बायकोनं, शकीलानं, चहाचा ट्रे घेऊन मागून डोकावलं.

आठ गुंठे जमीन. मालक : शेख मुख्तार शेख याह्या. त्याच्या खाली दुसरं नाव : अनिसा बी शेख मुख्तार.

"आयला, सर!" बद्रीनाथ आनंदानं ओरडले. "तुमची तर जमीनच निघाली की! लई छुपे रुस्तम राव तुम्ही!"

शकीलानं ट्रे टेबलावर ठेवला. हळूच, अगदी झोपलेल्या बाळाला ठेवावं तसा. चिडली की भांडी आपटणारी शकीला सरांना वीस वर्षं पाठ होती. ही शकीला नवीन होती.

"ओवैसचे अब्बा, ही अनिसा कोण?"

"मला काय माहीत!"

"नाव तुमचं. तुमच्या अब्बांचं नावपण तेच. आणि तिच्या नावापुढं परत तुमचंच नाव!"

"अगं, एका नावाची दहा माणसं असतात! मी जन्मात गंगापूरला पाऊल तरी ठेवलंय का?"

इथं बद्रीनाथांना वाटलं, मित्राच्या मदतीला धावावं.

"असं कसं सर? मागच्या साली इलेक्शनच्या ट्रेनिंगला चार शनिवार गंगापूरलाच जात व्हता की तुम्ही!"

सरांनी बद्रीनाथांकडं अशा नजरेनं बघितलं की बद्रीनाथांनी चहा न पिताच चप्पल घातली.

पण सर म्हणजे गणिताचा माणूस. पुराव्यानं सुटू, अशी त्यांना आशा होती. "थांब, या बाईचा पत्ताच शोधतो!" म्हणत त्यांनी दुकानांच्या नोंदणीत अनिसाचं नाव टाकलं. निघालं! अनिसा लेडीज टेलर्स, गंगापूर. मालक अनिसा बी शेख मुख्तार. दुकान सुरू झाल्याची तारीख मागच्या वर्षीची.

महिना ट्रेनिंगचा.

वार शनिवार!

शकीलानं शांतपणे बुरखा अंगावर घेतला. "चला."

"कुठं?"

"गंगापूरला. पत्ता तुम्हीच काढून दिलाय ना!"

जीपमध्ये शकीला पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. सर मागं, दोन पोती आणि एका करडाच्या मध्ये. वाळूजच्या पुढं पुण्याहून मुलाचा, ओवैसचा, फोन आला.

"अब्बा, अम्मीनं आत्ता मेसेज करून विचारलंय, मला हे कधीपासून माहीत होतं? काय माहीत होतं अब्बा?"

सरांनी फोन बंद केला. करडू त्यांची बाही चघळत होतं. चघळू दे, त्यांना वाटलं. आता कपडे जपून तरी काय करायचंय!

अनिसा लेडीज टेलर्समध्ये पस्तिशीची एक गोरीगोमटी बाई मशीनवर बसली होती. शकीलानं सलाम केला आणि सरळ विचारलं, "शेख मुख्तार तुमचे कोण?"

"माझे मिस्टर," अनिसा म्हणाली.

आपण खरंच कधी इथं येऊन लग्नबिग्न करून विसरलो की काय, अशी शंका सरांना स्वतःलाच आली.

"अजी, बाहेर या! कुणी तरी आलंय!" अनिसानं आत हाक मारली.

आणि पडद्याआडून डोळे चोळत एक सहा फुटी, मिशाळ गृहस्थ बाहेर आला. "मीच मुख्तार. काय काम व्हतं?"

सरांनी धावत जाऊन त्याला मिठीच मारली! मेळ्यात हरवलेला भाऊ सापडावा तशी! त्या बिचाऱ्याला काहीच कळेना. तो सरांच्या पाठीवर थोपटत राहिला. शकीलानं सगळा प्रकार सांगितला तेव्हा अनिसा हसून हसून मशीनवर पडली. मग चहा झाला, बिस्किटं झाली, दोघी आत जाऊन तासभर बोलल्या. निघताना शकीलाच्या हातात नव्या ड्रेसचं कापडसुद्धा होतं.

परतीच्या जीपमध्ये ती सरांच्या शेजारी बसली. सरांचा जीव इतका हलका झाला की ते शीळ घालायला लागले.

"चांगली आहे अनिसा," शकीला म्हणाली.

"चांगलीच आहे!"

"तिचा नवरापण चांगला. जमीन घेतली तेव्हा तिनं म्हटलंसुद्धा नव्हतं. त्यानं आपणहून तिचं नाव लावलं."

"वा! असं पाहिजे!" सर म्हणाले.

"हं." शकीलानं मांडीवरच्या कापडाची नीट घडी घातली. "आपल्या फ्लॅटवर कुणाकुणाचं नाव आहे हो?"

सरांची शीळ थांबली. बाहेर उसाचे फड मागं पळत होते. त्यांनी त्या फडांकडं अतिशय लक्ष देऊन बघितलं. मग खिशातून पेन काढलं आणि सोमवारच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारण : फ्लॅटवर बायकोचं नाव लावणे.